आमचं पडकं, तुमचं पडकं

बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही. भूगोलाच्या पुस्तकात हे नकाशासह छापलेलं असतं. पण मराठीचा पेपर काढणाऱ्यांचा भूगोल कच्चा असावा. आमच्या लहानपणी निबंधाचे विषय ठरलेले: 'समुद्रकिनारी एक संध्याकाळ' किंवा 'मी पंतप्रधान झालो तर'. वर्गातली निम्मी पोरं सरळ पंतप्रधान व्हायची. अरबी समुद्र आमच्यापासून जवळपास चारशे किलोमीटर. त्या मानानं दिल्लीची खुर्ची हाताशी वाटायची. उरलेली निम्मी गाइडातला निबंध पाठ करून यायची. त्यामुळे सगळ्यांनी एकच सूर्यास्त पाहिलेला असायचा, शिंपलेही तेच वेचलेले असायचे, आणि एकच कोळी सगळ्यांकडे पाहून हसलेला असायचा.

मला एका वर्षी स्वानुभवावर लिहिण्याची खुमखुमी आली. माझ्या मामाचं गाव लोणार. तिथं खारं पाणी आहे, पाण्याला काठ आहे, काठावर पक्षी आहेत, पडकी देवळं आहेत. समुद्राला जे जे लागतं ते सगळं लोणारला होतं, फक्त समुद्र नव्हता. एवढ्याशा उणिवेसाठी अडून कशाला बसायचं? मी लिहून टाकलं: 'पाणी हिरवेगार होते. लाटा अजिबात नव्हत्या. सर्वत्र कुजक्या अंड्यांचा वास दरवळत होता. माझे मन प्रसन्न झाले.' सरांनी वही परत देताना विचारलं, "हा कोणता समुद्र बे?" मी म्हणालो, "सर, लोणारचा." सर म्हणाले, "पुढच्या वर्षी पंतप्रधान हो."

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही बुलढाण्याहून निघायचो. चिखली, मेहकर, सुलतानपूर आणि मग लोणार. हा प्रवास नकाशावर वीतभर दिसतो. प्रत्यक्षात खिडकीजवळ कुणी बसायचं हे भांडण चिखलीला सुरू होऊन सुलतानपूरला मिटायचं, आणि तोवर खिडकी इतकी तापलेली असायची की जिंकणाऱ्यालाच पश्चात्ताप व्हायचा. मामा फाट्यावर उभा असायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "काऊन रे, वाळला?" वर्षभर काहीही खाल्लं असलं तरी भाचा वाळलेलाच असतो, असं मामाचं शास्त्र.

मामाकडे मावशीचा मुलगाही यायचा. मावशी वसईला दिलेली. म्हणजे हा पोरगा खऱ्या समुद्राचा मालक. शिवाय त्याच्याकडे वसईचा किल्ला, आणि किल्ल्यात पोर्तुगीजांची पडकी चर्च. आल्या आल्या हातपाय न धुता तो समुद्र सुरू करायचा. "आमच्याकडे भरती येते. ओहोटी येते. चर्चच्या भिंती एवढ्या उंच की मान दुखते." त्याच्या उंच भिंती ऐकताना आमचं लोणार आणखी खोल जायचं.

मग एके दिवशी अंगणात सामना लागला.

"आमच्या चर्चला छप्पर नाही," तो म्हणाला.

"आमच्या देवळात देव नाही," आम्ही म्हणालो.

"आमच्या भिंतीतून पिंपळ उगवलाय."

"आमच्या गाभाऱ्यात वटवाघळं राहतात."

"आमचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकला."

"आमची देवळं हेमाडपंती आहेत. चिमाजी अप्पांच्या खापरपणजोबांचा जन्म व्हायच्या आधीपासून पडकी आहेत."

आपल्याकडचं किती मोडलेलं आहे यावर माणसं इतक्या अभिमानानं भांडू शकतात, हे मी त्या अंगणात पाहिलं. पुढे साहित्य संमेलनांतून आणि नातेवाइकांच्या गुडघेदुखीवरच्या गप्पांतूनही तेच ऐकलं. शेवटी त्या पोरानं हुकुमाचा एक्का टाकला, "आमच्या किल्ल्यात सिनेमाचं शूटिंग होतं." आम्ही गारद. तेवढ्यात मामा बाजेवर उठून बसला आणि म्हणाला, "बाबू, आमच्याकडे आभाळातून दगड पडला. असा दगड की जगाला नवल वाटते. तुमच्याकडे काय पडलं?"

पोरगा जरा विचार करून म्हणाला, "पाऊस. खूप पडतो."

मे महिना होता. नळाला पाणी कधी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळं घर गप्प झालं. मामी हळूच म्हणाली, "सुखी आहे बाई आपली नणंद."

दुसऱ्या दिवशी पहाटे आजीनं सगळ्यांना खाली न्यायचं ठरवलं. लोणारमध्ये 'खाली' म्हणजे विवरात. हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल, तळाशी सरोवर. आजीच्या सहलीचे नियम कडक होते. आधी धारेवर अंघोळ, मग कमळजा देवीचं दर्शन, मग भाकरी, आणि शेवटपर्यंत 'पाणी पाणी' करायचं नाही. मामीनं ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदे फडक्यात बांधून घेतले. ते गाठोडं माझ्या डोक्यावर आलं, कारण मी वाळलेला होतो.

गोमुखाच्या धारेचं पाणी बारमाही. वर गावात घागरींची रांग आणि इथं गोड्या पाण्याची धार चोवीस तास मोकळी. आजी म्हणायची, "काशीहून येते हे पाणी." मामा म्हणायचा, "माय, ते जमिनीतून झिरपते." आजी म्हणायची, "मंग? काशी काय हवेत हाये का?" या प्रश्नावर मामाची बारावी सायन्स संपायची.

पायऱ्या उतरताना खड्डा कसा झाला याची कथा सुरू व्हायची, आणि उतरणीवर दोन पक्ष पडायचे. आजीच्या पक्षात विष्णू. लवणासुर नावाचा दैत्य इथं जमिनीखाली दडून बसायचा. विष्णूनं दैत्यसूदनाचं देखणं रूप घेतलं, लवणासुराच्या बहिणींना मोहवून लपण्याची जागा काढून घेतली, आणि पायाच्या अंगठ्यानं बिळावरचं झाकण उडवलं. झाकण पडलं ते थेट धातेफळला. तिथली टेकडी म्हणजे ते झाकण. दैत्याचं रक्त म्हणजे सरोवराचं पाणी. मामाच्या पक्षात उल्का. आणि वसईच्या पोराच्या पुस्तकात निघाला ज्वालामुखी. त्याला आम्ही तिघांनी मिळून गप्प केलं. ते जरा अन्यायाचंच होतं. कारण शास्त्रज्ञही बरीच वर्षं ज्वालामुखीच म्हणत होते. प्रचंड धक्क्यानं काचेसारखी झालेली खनिजं इथल्या दगडात सापडली तेव्हा, १९७०च्या दशकात, उल्केचा निकाल लागला. आजीनं मात्र आधीच समेट घडवला होता. "वरून कोनीतरी आलं आन् खड्डा झाला, एवढं तं दोघायचंबी खरं. मंग देव आला का दगड आला, त्याच्यासाठी भांडता कायले?"

खड्ड्याच्या वयावरूनही असाच घोळ. एका पद्धतीनं मोजलं तर वय सुमारे ५२ हजार वर्षं. आरगॉन वायूच्या पद्धतीनं मोजलं तर ५ लाख ७० हजारांच्या घरात. पाच लाख वर्षांची ही तफावत ऐकून पाहुण्यांना धक्का बसतो. आम्हाला बसत नाही. आमच्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर पोराकडे बघून वय ठरवायचे आणि जन्मतारीख १ जून लिहून मोकळे व्हायचे. लोणार सरोवराचा दाखला तेव्हाच काढून ठेवला असता तर शास्त्रज्ञांची एवढी वणवण झाली नसती.

तळाशी पोचलं की काठाकाठानं देवळं सुरू होतात. रामगया, कुमारेश्वर, अंबरखाना, वाघ महादेव, मोर महादेव. वसईचा पोरगा वाघ महादेवाच्या दाराशी थबकला.

"आत वाघ आहे?"

"नाही."

"महादेव?"

"बघावं लागेल."

"मग आत आहे काय?"

"वटवाघळं."

"आणि मोर महादेवात?"

"तिथंबी तेच."

अंधारात खांब चाचपत आम्ही आत शिरलो. छताची एक शिळा सरकलेली, त्या फटीतून उजेडाचा पट्टा थेट भिंतीवर पडलेला. त्या उजेडात काही कोरलेलं दिसलं. मामा गंभीर आवाजात म्हणाला, "हा शिलालेख असू शकतो." आम्ही नाक लावून वाचलं. एका बाणानं जोडलेली दोन नावं होती, खाली गावाचं नाव आणि सन. हातपाय तुटलेल्या मूर्ती, झिजलेल्या द्वारशाखा, ढासळलेलं शिखर या सगळ्यात ठणठणीत अवस्थेत असलेलं एवढं एकच शिल्प. कारागिराला नाव लिहायची हौस नव्हती, म्हणून ती पाहुण्यांनी भागवली.

कमळजेच्या देवळापाशी आजीनं तिचा खास प्रयोग केला. पूजेच्या डबीतली चिमूटभर हळद तिनं वसईच्या पोराच्या तळहातावर ठेवली. मग सरोवराच्या पाण्यात दोन बोटं बुडवून ती हळदीवर फिरवली. पिवळीधमक हळद आधी शेंदरी झाली, मग कडांनी काळपट, आणि बघता बघता तळहातावर लालभडक कुंकू. पोराचे डोळे कपाळात. "देवीनं कुंकू केलं पाय," आजी म्हणाली. मामानं लगेच खुलासा केला: पाणी अल्कधर्मी आहे, पीएच दहाच्या वर, अशा पाण्यात हळद लाल होते. आजी म्हणाली, "मीबी तेच सांगून राह्यले. कुंकू होते." सुट्टी संपवून तो पोरगा घरी गेला आणि जूनमध्ये त्याचं अंतर्देशीय पत्र आलं: 'समुद्रात हळद टाकून पाहिली. काही झाले नाही. आई ओरडली.' ते पत्र मामानं कित्येक वर्षं देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

तिथंच सासू-सुनेची विहीर आहे. एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारं, अशी तिची ख्याती. पोरांनी भाबडेपणानं विचारलं, "गोड कोण, सासू का सून?" आजी म्हणाली, "सासूच की." मामी पदरात तोंड घालून म्हणाली, "आत्याबाई म्हणतील ते." मग दोघींनी मामाकडे पाहिलं. मामाला एकदम समोरच्या झाडावर कुठला तरी दुर्मीळ पक्षी दिसला आणि तो तपासायला निघून गेला. पक्षीनिरीक्षणाची गोडी नवऱ्यांना का लागते, याचं इतकं सरळ कारण मी पुन्हा पाहिलं नाही.

उतरणं ही करमणूक होती. चढणं ही शिक्षा. मेमधलं दुपारचं ऊन, चारी बाजूंनी तापलेला काळा दगड, आणि मामाचं दर दहा पायऱ्यांनी "आलंच". माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आजी, जी सगळ्यांत म्हातारी, ती सगळ्यांच्या पुढं. वसईचा पोरगा मध्येच पायरीवर बसकण मारून म्हणाला, "आमच्या समुद्रावरून घरी जाताना चढावं लागत नाही." त्या दिवसातला त्याचा हा एकमेव बिनतोड मुद्दा. वर आल्यावर आजीनं मोठ्या मारुतीला न्यायचा हट्ट धरला. तिथला मारुती आडवा निजलेला आहे. मोठी माणसं त्यामागची पुराणकथा सांगायला लागली, पण आम्हा पोरांना ती नको होती. खालून वर चढून आल्यावर माणूस दुसरं काय करणार, हे आम्हाला तेव्हा पुरतं कळलेलं होतं.

आता मामाचं घर आहे, पण सुट्टी नाही. त्याऐवजी माझ्याकडे पाहुणे आहेत. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर आणि मुंबई दोन्हीकडची नाती अचानक घट्ट झाली. "तुझ्याकडेच येतोय, जमलं तर लोणार पण बघू," असं म्हणणाऱ्यांसाठी मी लोणारच्या वाटेतला चहा आहे हे मला ठाऊक असतं. तरी मी उत्साहानं गाडीत पुढं बसतो. कारण बुलढाण्याचा माणूस गप्प राहील, पण लोणार दाखवताना गप्प राहणार नाही. दैत्यसूदनाच्या देवळात मी छतावरची शिल्पं दाखवतो, ताऱ्याच्या आकाराचं जोतं समजावतो, बाहेरच्या भिंतीवर काही विशिष्ट शिल्पांपाशी पोरं रेंगाळली की त्यांना खिचडी मिळणार असल्याचं जाहीर करतो. मग आम्ही विवराच्या कडेला येतो. बेसॉल्टमध्ये उल्केनं पाडलेलं, जगात दुर्मीळ असं हे विवर पायाशी पसरलेलं असतं. मी पाहुण्यांच्या तोंडाकडे बघतो.

"एवढंच?"

"बोटिंग नाही का?"

"मोबाइलला रेंज आहे का खाली?"

एका काकांनी तर विचारलं, "सगळं ठीक. पण ती उल्का ठेवलीय कुठं?" मी सांगितलं की आदळल्यावर तिचा चुराडा झाला, बरीचशी वाफ होऊन गेली. काका माझ्याकडे असे बघायला लागले की जणू तुकडे मीच भंगारात घातले. "एवढी मोठी वस्तू, आणि तुम्हाला एक खडा जपता आला नाही!"

मग मी इतिहासाकडे वळतो. 'ऐन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे, काच आणि साबण करायचं साहित्य इथं मिळतं असं त्यात लिहिलंय. आणि तरीही हे सरोवर १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 'शोधलं' असं सांगतात. त्याआधी शेकडो वर्षं लोक काठावर देवळं बांधत होते, पूजा करत होते, खार काढत होते, अंघोळी करत होते. सगळं कुणालाही पत्ता लागू न देता.

२०२०च्या जूनमध्ये तर कहरच झाला. पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीमुळे कुणालाही येता येत नव्हतं, त्यामुळे ज्यांनी जन्मात लोणारचं नाव काढलं नव्हतं त्यांनासुद्धा अगदी तेव्हाच यायचं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला, त्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं गुलाबी रंग आला, असं निदान निघालं. मामीनं निदान ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्याबाई असत्या तं म्हणाल्या असत्या, दैत्याचं रक्त वर आलं." थोड्याच दिवसांत रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याचं जाहीर झालं. शेजारचे काका पेपर खाली ठेवून म्हणाले, "हे रामसर कोनत्या शाळेवर आहेत? मोठे वजनदार दिसतात." रामसर हे इराणमधलं गाव आहे असं सांगितल्यावर त्यांचा लोणारवरचा विश्वास जरा उडाला.

तेव्हापासून पाहुण्यांचा नवा प्रश्न: "गुलाबी कधी असतं?" मी सांगतो, आता हिरवं आहे. ते खट्टू होतात. मग पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात, फोटोला गुलाबी रंग चढवतात आणि घरी पाठवतात.

आता हे सगळं सांगताना लोणारकरांना मी सोडणार नाही. 'जगातलं एकमेव' म्हणताना आमची छाती फुगते, पण पाहुणा आल्याशिवाय खाली कोण उतरतं? मामाला विचारलं, "शेवटचं खाली कधी गेला होता?" मामा म्हणाला, "तू आणला होता तं." तिकडे वसईचा भाऊही तसाच. मी त्याच्याकडे गेलो तेव्हाच त्याला किल्ल्यातली चर्च आठवली, आणि तिथंही भिंतीवर बाणानं जोडलेली दोन नावं होती. आपल्या गावची पडकी वास्तू म्हणजे फुशारकीला जवळची आणि पायाला लांब.

तेव्हा तुम्ही जरूर या. हिवाळ्यात या, बूट घालून या, पाण्याची बाटली आणा आणि रिकामी झाली की परत न्या. बोटिंग मागू नका. गुलाबी रंगाचा आग्रह धरू नका. आणि त्या देवळांच्या भिंतींवर स्वतःचं नाव तेवढं लिहू नका. दोन किलोमीटरचा खड्डा पाडून गेलेल्या त्या उल्केनं कुठं नाव लिहिलंय?